दहा वर्षांच्या मुलींना चषक हवा की खेळ?

अमेरिकेतल्या मुलींच्या क्लब फुटबॉलमध्ये एक सोपी युक्ती हमखास चालायची. गोलकीपरने चेंडू हातातून सोडून लांब लाथाडायचा, पुढे उभ्या असलेल्या सगळ्यात वेगवान मुलीने धावत जाऊन गोल मारायचा. सामना खिशात! पण मधल्या मुलींच्या पायाला चेंडूच लागला नाही, तर त्या शिकणार काय?

म्हणून २०१७ मध्ये तिथल्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे यू.एस. सॉकरने, ९ व १० वर्षांखालील मुलामुलींसाठी ७ विरुद्ध ७ चा खेळ आणि मैदानावरची ‘बिल्ड-आउट लाइन’ बंधनकारक केली. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की प्रतिस्पर्ध्यांनी या रेषेमागे हटायचं, आणि गोलकीपरला हातातला चेंडू लाथाडायला बंदी. मग बचावपटू मुलीला जवळचा पास घेऊन, मान वर करून वाट शोधावीच लागते. सुरुवातीला चेंडू हिसकावला जातो, गोल बसतात. बसू देत!

चषकांचंच बोलायचं, तर नॉर्वेत १३ वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नाहीत. त्याच देशाच्या फुटबॉलपटू आडा हेगरबर्गने २०१८ मध्ये सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठीचा, महिलांचा पहिला बॅलन डी'ओर पुरस्कार जिंकला.

पालकांनो, क्लब निवडताना कपाटातले चषक मोजू नका. पास चुकलेल्या मुलीला प्रशिक्षक लगेच बाहेर बसवतात का, एवढं मैदानावर जाऊन नक्की बघा.