घरात तऱ्हेतऱ्हेचे कॉम्प्युटर. मग राउटर कोणता घ्यायचा?

धाकट्या बहिणीची ऑनलाइन मॉक टेस्ट मध्येच तुटली, तीही तिसऱ्यांदा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन रे, इंजिनिअर ना तू? घरचं नेट नाही जमत?" खरं सांगतो, लागलं.

आमचं घर नागपुरात, महालात. जुनं, जाड भिंतींचं. माझा ऑफिसचा लॅपटॉप नवा, बहिणीचा दहा वर्षं जुना, आईकडे एक मॅकबुक आणि बाबांच्या डेस्कटॉपला वाय-फायच नाही. शिवाय प्रिंटर आणि चार मोबाइल.

आधीचा राउटर मीच सीताबर्डीवरून आणला होता, खोक्यावर 'एसी 1200' वाचून. प्लॅन 200 एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट 94 च्या वर जाईना. नंतर कळलं, 1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867, बेरीज करून वर गोल केलेली! तेही कागदावरचे आकडे, आणि लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर असतो. त्यात राउटरचे पोर्ट 10/100 चे. म्हणजे मागच्या वायरीतूनच 100 च्या वर काही आत येत नव्हतं. खोक्यावर हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. वाचलं नाही मी.

म्हणून या वेळी दुकानात जायच्या आधी घरातली यादी केली. विंडोज 10 किंवा 11 असेल तर सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा. प्रोटोकॉल आणि बँड दिसतो. मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा.

बहिणीच्या लॅपटॉपचं कार्ड फक्त 2.4 वालं निघालं. इथेच खरी गोम होती. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. महालात भिंतीला भिंत लागून घरं, सगळ्यांचे राउटर त्याच तीन चॅनलवर भांडतात. राउटर कितीही महाग आणा, जुनं कार्ड 5 गिगाहर्ट्झ पकडणार नाही. तिच्या टेबलापर्यंत सरळ लॅन केबल ओढली. टेस्टच्या वेळी केबलसारखं काही नाही. केबल नको असेल तर ड्युअल-बँडचा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावता येतो.

बाबांच्या डेस्कटॉपलाही केबलच. म्हणून नवा राउटर घेताना पहिली अट होती: सगळे पोर्ट गिगाबिट, आणि निदान चार. दुसरी, वाय-फाय 6. ते एकाच वेळी बऱ्याच डिव्हाइसना नीट सांभाळतं आणि जुनी डिव्हाइसही त्यावर चालतात. वाय-फाय 7 साठी जास्त पैसे मी तरी घातले नसते. ते पकडणारं एकही मशीन आमच्या घरात नाही. अँटेना किती, हे तर मी मोजतच नाही.

पण नवा राउटर लावला की जुन्या मशीन रुसू शकतात. सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए 3 ठेवली तर जुना प्रिंटर जोडला जात नाही; डब्ल्यूपीए 2 आणि 3 असा मिश्र पर्याय निवडा. जुना ड्रायव्हर असलेल्या काही इंटेल कार्डांना वाय-फाय 6 चं नेटवर्क यादीत दिसतच नाही. तेव्हा राउटरला शिव्या न देता आधी ड्रायव्हर अपडेट करा.

आता जागा. हॉलच्या खिडकीत आमचा डेझर्ट कूलर: पत्र्याची बॉडी, आत टाकीभर पाणी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं. जुना राउटर नेमका त्याच्या मागे होता, त्यामुळे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला, कूलर सुरू झाला की आतल्या खोलीत नेट मरायचं. आम्ही मात्र उन्हाळ्यालाच दोष देत होतो. आता राउटर पॅसेजमध्ये, डोक्याच्या वर, उघड्यावर आहे. लाइट गेली की बंद पडू नये म्हणून 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. फायबरच्या डब्यालाही वेगळा लागला, कारण तो बंद पडला तर एकटा राउटर चालू राहून काय करणार?

परवाची टेस्ट तीन तास चालली. आईने काहीच म्हटलं नाही, फक्त तिच्या मॅकबुकचा पासवर्ड विचारला.