फास्ट फूड, उष्मांकांची मोजदाद आणि वाढते वजन

प्रस्तावना

आहाराचा काटेकोर हिशेब ठेवणारा एक वर्ग अलीकडे महाविद्यालयीन परिसरात दिसू लागला आहे. दुपारी उपाहारगृहातील बर्गर किंवा चीज सँडविच, संध्याकाळी वडापाव, सुटीच्या दिवशी पिझ्झा, आणि या प्रत्येकाचे उष्मांक भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये तत्परतेने नोंदविलेले, असा त्यांचा क्रम असतो. दिवसाची बेरीज ठरविलेल्या मर्यादेच्या आत राहते. वजनकाटा मात्र महिन्यागणिक वर सरकतो. अशा वेळी भोवतालच्या मंडळींची दोनच अनुमाने ठरलेली असतात. एक तर ही व्यक्ती चोरून खात असावी, किंवा उष्मांकाचे शास्त्रच निरर्थक असावे. पहिल्या अनुमानाने माणूस अपमानित होतो आणि दुसऱ्याने तो दिशाहीन होतो. वस्तुतः दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. मोजदादीचे तत्त्व खरे असूनही फास्ट फूडच्या बाबतीत ती का फसते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उष्मांकाचा हिशेब

अन्नातील ऊर्जा आकड्यांत मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर (१८४४-१९०७) यांच्याकडे जाते. कनेटिकट राज्यातील वेस्लेयन विद्यापीठात १८९० च्या दशकात त्यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंदिस्त खोली उभारून शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम प्रथिनातून ४, एक ग्रॅम कर्बोदकातून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ उष्मांक मिळतात, हे आजही प्रत्येक वेष्टनावर वापरले जाणारे प्रमाण त्यांच्याच संशोधनातून आले. हे आकडे सरासरीचे आहेत, ही गोष्ट पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुढे १९१८ मध्ये लॉस एंजेलिस येथील डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी आपल्या लोकप्रिय पुस्तकातून उष्मांक मोजून वजन कमी करण्याची पद्धत घरोघरी पोहोचविली. प्रयोगशाळेतील एक मापन अशा रीतीने सामान्य माणसाच्या रोजकीर्दीत आले. प्रयोगशाळेतील तराजू मात्र तेथेच राहिला.

तत्त्व म्हणून हा हिशेब खोटा नाही. कॅन्सास राज्य विद्यापीठातील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी २०१० मध्ये दहा आठवडे मुख्यतः दुकानात मिळणारे क्रीमचे केक, बिस्किटे व तत्सम खाऊ खाल्ला; मर्यादा मात्र दिवसाला सुमारे १८०० उष्मांकांची ठेवली. त्यांचे वजन २७ पौंडांनी, म्हणजे सुमारे १२ किलोंनी घटले. या उदाहरणाचा उपयोग 'काहीही खा, फक्त मोजा' असे सांगण्यासाठी वारंवार केला जातो. तो करताना एक बाब नजरेआड होते. मोजणारी व्यक्ती पोषणशास्त्राची प्राध्यापक होती आणि मोजले जाणारे पदार्थ कारखान्यात एकाच वजनाचे तयार होऊन वेष्टनात आलेले होते. ज्या पदार्थात कोणाचा हात, डाव वा झारा पडत नाही, त्याचा हिशेब बऱ्यापैकी जुळणे स्वाभाविक होते.

मोजणारा खोटे बोलतो काय?

या प्रश्नाचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उत्तर १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. दिवसाला १२०० उष्मांकांहून कमी खाऊनही वजन घटत नाही, अशी तक्रार असलेल्या स्थूल व्यक्तींची न्यूयॉर्क येथे तपासणी करण्यात आली. त्यासाठी हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या विशिष्ट समस्थानिकांनी युक्त पाणी पिण्यास दिले जाते. हे समस्थानिक शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात त्यावरून काही दिवसांत खर्च झालेली ऊर्जा काढता येते. ती व्यक्ती वहीत काय लिहिते याच्याशी या मापनाचा संबंध नसतो. निष्कर्ष असा निघाला की या व्यक्तींचा चयापचय अपेक्षेप्रमाणेच होता. परंतु त्यांनी नोंदविलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि नोंदविलेली शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी अधिक होती.

या अभ्यासाचा आधार घेऊन वजन वाढलेल्या रुग्णास खोटे ठरविण्याची प्रवृत्ती वैद्यकीय क्षेत्रातही आढळते. तथापि त्या अभ्यासाने चूक मोजली होती, हेतू नव्हे. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेतच दहा आहारतज्ज्ञ स्त्रियांची याच पद्धतीने चाचणी घेण्यात आली. आहार मोजणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या नोंदीही दिवसाला सरासरी २२३ उष्मांकांनी कमी भरल्या. आहारतज्ज्ञ नसलेल्या दहा स्त्रियांच्या नोंदींत ही तूट ४२९ उष्मांकांची होती. प्रशिक्षणाने चूक निम्मी होते, नाहीशी होत नाही. तज्ज्ञांची ही स्थिती असताना वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या हिशेबातील तफावतीला लबाडी म्हणणे अन्यायाचे होय.

फलकावरील आकडा आणि हातातील पदार्थ

फास्ट फूडच्या बाबतीत चुकीचा उगम बव्हंशी मोजणाऱ्याकडे नसून आकड्यातच असतो. अमेरिकेत वेष्टनबंद पदार्थातील प्रत्यक्ष उष्मांक छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक निघाले तरी ते नियमात बसते. उपाहारगृहांची स्थिती अधिक सैल आहे. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी ४२ उपाहारगृहांतील २६९ पदार्थांचे प्रयोगशाळेत परीक्षण करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्व पदार्थांची सरासरी घेतली तर जाहीर आकडे बरोबर होते. परंतु १९ टक्के नमुन्यांत जाहीर आकड्यापेक्षा किमान १०० उष्मांक जास्त आढळले. अधिक बोलकी बाब अशी की, ज्या पदार्थांचे जाहीर उष्मांक कमी होते, त्यांतच प्रत्यक्ष उष्मांक जास्त निघण्याचा कल दिसून आला. वजन कमी करू इच्छिणारा ग्राहक नेमके तेच पदार्थ निवडतो. सरासरी बरोबर असल्याचा लाभ त्यामुळे त्याच्या वाट्याला येत नाही.

असे का घडते हे स्वयंपाकघरात उभे राहिल्यास सहज समजते. बटाट्याच्या तळलेल्या फोडी कागदी पुड्यात हाताने भरल्या जातात. मेयोनेज दाबून काढले जाते. चीजचा एक काप कधी दीड होतो. कडधान्य वा भाजी दहा ग्रॅमने जास्त पडली तर हिशेबात नगण्य फरक पडतो. तेल, लोणी वा मेयोनेज दहा ग्रॅमने वाढले तर मात्र ७० ते ९० उष्मांक वाढतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० उष्मांक होत. वडापावाचे उदाहरण घेतले तर ही अनिश्चितता अधिकच ठळक होते. वड्याचा आकार, बेसनाच्या आवरणाची जाडी, वडा झाऱ्यावर किती निथळला, सोबत चुरा किती दिला, या प्रत्येक गोष्टीवर एकूण ऊर्जा अवलंबून असते. ॲपमध्ये मात्र 'वडापाव, १ नग' असे लिहिले की एक ठाम आकडा उमटतो. तो कोणत्या गाडीवरील, कोणत्या वड्याचा, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या अथवा दहा वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थाच्या नावासमोर उष्मांक दर्शविणे आवश्यक ठरले असून ही तरतूद २०२२ पासून लागू आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरील गाडी आणि आतील उपाहारगृह ही दोन्ही बहुधा या नियमाबाहेरच राहतात.

समान आकडा, असमान परिणाम

फलकावरील आकडा अचूक आहे असे गृहीत धरले तरी प्रश्न सुटत नाही. अन्न पचविण्यासाठी शरीराला स्वतःची काही ऊर्जा खर्च करावी लागते. अमेरिकेतील एका लहान अभ्यासात, २०१० मध्ये, १७ व्यक्तींना दोन प्रकारचे सँडविच देण्यात आले. एक बहुधान्य पाव व चेडर चीजचे, दुसरे पांढरा पाव व प्रक्रिया केलेल्या चीजचे. उष्मांक समान होते. पहिल्या सँडविचच्या पचनात त्याच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खर्च झाली, तर दुसऱ्याच्या पचनात सुमारे ११ टक्के. बदामांबाबत २०१२ मध्ये झालेल्या मापनात असे दिसले की, २८ ग्रॅम बदामांतून १७० उष्मांक मिळतात असा हिशेब असला तरी शरीराला प्रत्यक्षात १२९ च मिळतात. उरलेला भाग न पचता बाहेर पडतो. ॲटवॉटर यांचे सरासरी प्रमाण अखंड, चर्वण मागणाऱ्या अन्नाची ऊर्जा जास्त दाखविते. मऊ, बारीक दळलेले, आधीच अर्धे पचविल्यासारखे अन्न मात्र आपली जवळपास पूर्ण ऊर्जा शरीराच्या हवाली करते. थोडक्यात, घरचे जेवण सोडून तेवढ्याच उष्मांकांचे फास्ट फूड घेतले तर वहीतील बेरीज तीच राहते, शरीरातील वाढते.

भुकेचा भाग याहून मोठा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी केलेला २०१९ चा प्रयोग या संदर्भात मूलगामी मानला जातो. २० प्रौढ व्यक्तींना चार आठवडे रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे अल्पप्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांतील उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश व तंतुमय घटक समान होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहाराच्या काळात या व्यक्तींनी दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले व त्यांचे वजन ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर ते तेवढेच घटले. त्यांचा खाण्याचा वेगही पहिल्या आहारावर अधिक होता. उष्मांक मोजणारी व्यक्ती हे ५०० उष्मांक केवळ निश्चयाच्या बळावर रोज नाकारीत असते. निश्चय ढळतो तेव्हा तो संपूर्ण बर्गरच्या रूपाने ढळत नाही. मित्राच्या पुड्यातील चार फोडी, चहाबरोबरचे बिस्किट, बैठकीतील सामोसा अशा, नोंद करण्यास क्षुल्लक वाटणाऱ्या रूपांत तो ढळतो. शीतपेयांची गोष्ट आणखी वेगळी. द्रवरूपातील साखर पोटात गेल्यावर पुढील जेवण त्या प्रमाणात कमी होत नाही, हे २००० मध्ये घन व द्रव खाऊची तुलना करणाऱ्या प्रयोगात स्पष्ट झाले आहे.

खर्चाची बाजू

जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूलाही आकडे आशावादीच असतात. वय, उंची व वजन यांवरून दैनंदिन गरज काढणारी प्रचलित सूत्रे मुख्यतः पाश्चात्त्य लोकांच्या मापनांवर आधारलेली आहेत. भारतीयांचा विश्रांतीतील चयापचय या सूत्रांपेक्षा कमी भरतो म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आपल्या शिफारशींत त्यांतून सुमारे ५ टक्के घट गृहीत धरली. परदेशी ॲपला याची कल्पना नसते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे 'लॅन्सेट'मधील २००४ चे छायाचित्र येथे आठवते. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. समान वजनाच्या दोन शरीरांना एकच सूत्र लावणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून कळते. मनगटावरील यंत्रांवर भिस्त ठेवणेही इष्ट नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये तपासलेल्या सात यंत्रांपैकी ऊर्जाव्ययाच्या बाबतीत सर्वांत अचूक यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के होती. 'आज ४०० उष्मांक खर्च झाले' असे यंत्राने सांगितले म्हणून तेवढ्याचा पिझ्झा खाणे हा अनेकांच्या वजनवाढीचा सरळ मार्ग आहे.

लहान फरकाचे मोठे फळ

समजा, एखाद्या अध्यापकाची खरी गरज २१०० उष्मांकांची आहे. तो दिवसाला १८०० नोंदवितो, म्हणजे ३०० ची बचत होत असल्याचे मानतो. फलकावरील आकडा, अदृश्य तेल आणि न नोंदलेले घास मिळून ४५० उष्मांक वाढले, तर तो प्रत्यक्षात २२५० घेत असतो. बचतीच्या जागी १५० ची वाढ झाली. हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार दिवसाला सुमारे २४ उष्मांकांचा कायमचा फरक कालांतराने एक किलो वजनाचा फरक घडवितो. त्यातील निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळपास सर्व तीन वर्षांत दिसतो. म्हणजे या अध्यापकाचे वजन पहिल्याच वर्षी सुमारे तीन किलोंनी वाढेल, आणि त्याची वही मात्र निर्दोष राहील.

यावर उपाय वही फाडण्याचा नाही. तिच्यातील आकडा दुरुस्त करण्याचा आहे. रोज सकाळी एकाच वेळी वजन घेऊन आठवड्याची सरासरी काढावी. एखाद्या दिवसाचे वजन फसवे असते. खारट जेवणाने शरीरात पाणी साठते, आणि साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते, त्यामुळे पिझ्झाच्या दुसऱ्या दिवशी दिसणारा एक किलो हा मेद नसतो. चार आठवड्यांच्या सरासरीत वजन स्थिर असेल तर वहीत कितीही आकडा असो, प्रत्यक्ष आहार गरजेइतकाच आहे असे समजावे. वजन वाढत असेल तर दोहोंमधील तफावत वाढीच्या वेगावरून अजमावून दैनंदिन मर्यादा तेवढ्याने खाली आणावी, किंवा आठवड्यातील फास्ट फूडची दोन-तीन जेवणे डब्याने बदलावीत. डब्यातील पोळीलाही फलक नसतो. पण तिला लावलेले तूप कोणी लावले हे ठाऊक असते, आणि उद्या ते कमी लावता येते.