गाडीच्या कूलंटची गळती : निदान आणि दुरुस्ती

उष्मागतिकीच्या तासाला आपण उत्कलनबिंदू, दाब आणि विशिष्ट उष्मा या संकल्पना शिकतो. या पाठात त्या प्रत्यक्ष वापरायच्या आहेत. पाठ पूर्ण झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत :

• गाडी तापण्याचे कारण गळती आहे की दुसरे काही, हे ओळखणे
• गळतीची जागा क्रमाक्रमाने शोधणे
• कोणती दुरुस्ती स्वतः करता येते आणि कोणती कारागिरावर सोपवावी, हे ठरवणे
• या सर्वांत स्वतःला व इतरांना इजा होऊ न देणे

१. एक प्रसंग

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारु येथे संत त्यागराजांच्या समाधीपाशी आराधना होते. हा दिवस साधारणतः जानेवारीत येतो. गाव तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी आहे. ‘तिरु’, ‘ऐ’ आणि ‘आरु’ म्हणजे पवित्र पाच नद्या, असा गावाच्या नावाचा अर्थ. तंजावरहून जाताना वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी असे प्रवाह एकामागून एक ओलांडावे लागतात.

कल्पना करा, आराधनेच्या दिवशी तुम्ही घरच्यांना घेऊन दहा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीतून निघाला आहात. पुलाजवळ वाहनांची रांग लागली आहे. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागतो आणि थोड्या वेळाने बॉनेटच्या फटीतून वाफ येते. मागून कोणी म्हणते, “झाकण उघडून पाणी ओता.” दुसरा म्हणतो, “गाव आलंच आहे, तसंच पुढे चला.” हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का चुकीचे, हे समजले की अर्धा पाठ झाला.

२. प्रणाली कशी चालते

इंधनातील ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा इंजिनाच्या उपयोगी कामात उतरतो. जवळजवळ तेवढाच हिस्सा शीतकाला, म्हणजे कूलंटला, वाहून न्यावा लागतो. उरलेला धुराड्यातून जातो.

पाण्याचा पंप कूलंटला इंजिनातील पोकळ मार्गांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो. मग गरम कूलंट वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जातो, हवेला उष्णता देतो आणि खालच्या होजमधून परत येतो. गाडी उभी असताना हवा खेचण्याचे काम पंख्याला करावे लागते.

*आकडेमोड १.* गाडी तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते असे धरू. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तासाला १२८ मेगाज्यूल, अर्थात सुमारे ३५ किलोवॅट. त्यातले ३० टक्के कूलंटकडे गेले तर ती उष्णता १० किलोवॅटच्या आसपास होते.

आता कूलंट वाहून गेला आहे आणि इंजिन चालूच आहे असे समजा. इंजिनाचे वस्तुमान १०० किलो आणि सरासरी विशिष्ट उष्मा ०.७ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश घेऊ. एक अंश वाढायला ७० किलोज्यूल लागतील. १० किलोवॅट दराने तापमान मिनिटाला साडेआठ अंश वाढेल. म्हणजे ९० अंशांवरून १२५ अंशांवर जायला चार मिनिटे पुरतात. हा ढोबळ अंदाज आहे, पण “गाव आलंच आहे” या सल्ल्याची किंमत त्यातून कळते. जास्त तापलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट जळते आणि एका क्लॅम्पवर भागणारे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

येथे एक फसवणूक लक्षात ठेवा. तापमानाचा संवेदक कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच संपला तर त्याच्याभोवती हवा किंवा वाफ राहते आणि काटा कधीकधी *खाली* येतो. वर गेलेला काटा अचानक उतरला, म्हणून इंजिन थंड झाले असे समजू नका.

३. झाकण म्हणजे कुकरची शिट्टी

प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, कारण आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारने जास्त असतो. रेडिएटरचे झाकण नेमके हेच करते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मोकळ्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळते, तर १ बार जास्त दाबाखाली १२५ अंशांच्याही पुढे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटरमधला, म्हणजे जवळजवळ बारमधलाच, दाब आहे. काही झाकणांवर तोच दाब किलोपास्कलमध्ये, ८८ किंवा १०८ असा, छापलेला असतो.

म्हणून गळतीने दोन प्रकारचे नुकसान होते. द्रव कमी होतो, आणि दाब न टिकल्याने उरलेला द्रव लवकर उकळतो. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर एकही थेंब खाली न पडता गाडी उकळू शकते.

*आकडेमोड २.* प्रणालीत ५ किलो मिश्रण १२० अंशांवर आहे आणि तुम्ही झाकण उघडले. दाब एकदम उतरतो. मिश्रण आता १०७ अंशांच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही. जास्तीची उष्णता ५ × ३.५ × १३, म्हणजे सुमारे २२७ किलोज्यूल. पाण्याची एक किलो वाफ व्हायला अंदाजे २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तिचे आकारमान सुमारे १७० लिटर भरते. ही वाफ उकळता कूलंट सोबत घेऊन तोंडावर आणि हातावर येते. हातात टॉवेल धरल्याने ती अडत नाही.

४. रस्त्यावर काय करावे

१. एसी बंद करा. थांबायला जागा मिळेपर्यंत केबिनचा हीटर पूर्ण चालू ठेवा. तो छोट्या रेडिएटरचे काम करतो.
२. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नका.
३. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सहज धरवेल इतका गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.
४. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.
५. गार झाल्यावर पातळी बघा. जवळ कूलंट नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी तात्पुरते चालते.

नदी शेजारी आहे म्हणून तिचे पाणी भरू नका. गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. बोअरचे दुष्फेन पाणी कायम वापरले तर आत कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो आणि हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतो. शिवाय उन्हाळ्यात नदीचा भरवसा नसतो. मेट्टूर धरणाचे पाणी रूढीप्रमाणे १२ जून ते २८ जानेवारी या काळात सोडले जाते. मे महिन्यात याच पुलांखाली बहुधा वाळू दिसते. म्हणून गाडीत दोन लिटर पाण्याची बाटली नेहमी असू द्या.

५. निदान : आधी प्रश्न, मग पाना

*गळती आहे का?* फक्त रहदारीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार राहते, पातळीही ठीक आहे, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा. वेगात तापते आणि पातळी ठीक आहे, तर थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर असण्याची शक्यता जास्त. पातळी पुन्हा पुन्हा उतरते, तर गळती.

पातळी नेहमी सकाळी, इंजिन गार असताना बघा. कूलंट तापल्यावर फुगतो. ५ लिटरमागे हा फरक सुमारे २०० मिलिलिटर असू शकतो. संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी दिसणे म्हणजे गळती नव्हे.

*खाली पडलेले पाणी कूलंटच आहे का?* कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत एसी चालवला की गाडीखाली पाण्याचे थारोळे होते. ते रंगहीन, बिनवासाचे असते आणि बोटांना चिकट लागत नाही. कूलंट रंगीत, किंचित तेलकट आणि गोडसर वासाचा असतो. वास घ्या, पण चव कधीही घेऊ नका.

*गळती कुठे आहे?* खुणांवरून जागा अशी ओळखा :

• होजच्या टोकाशी पांढरट किंवा रंगीत सुकलेली पूड : सैल क्लॅम्प किंवा तडकलेला होज
• रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या सांध्यावर ओघळ : सांध्यातील सील गेले
• पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून ठिबक : पंपाचे सील झिजले. हे छिद्र हीच सूचना देण्यासाठी ठेवलेले असते. ते बुजवू नका
• पायाशी ओला गालिचा, काचेवर आतून चिकट धुके : हीटरची जाळी फुटली
• बाहेर कुठेच ओल नाही, पण धुराड्यातून दाट पांढरा गोडसर वासाचा धूर, तेल दुधाळ : कूलंट इंजिनाच्या आत जातो आहे, हेड गॅस्केटचा संशय

ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय मात्र छोट्या फेऱ्यांमुळेही जमते. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ असेल तरच काळजी करा.

*दाब चाचणी.* इंजिन गार असताना झाकणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर बसवा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप करा. दहा-पंधरा मिनिटे काटा बघा. दाब उतरला तर टॉर्च घेऊन वरून खाली शोधा. द्रव खाली ओघळतो, म्हणून सर्वांत *वरची* ओली जागा महत्त्वाची. मग झाकणही वेगळे तपासा.

दाब उतरतो पण ओल दिसत नाही, तर ज्वलनवायूची चाचणी करतात. टाकीतील हवा निळ्या द्रावणातून खेचली जाते. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रावण आम्लधर्मी होऊन पिवळे पडते. शाळेतल्या दर्शकाच्या प्रयोगाचाच हा उपयोग.

६. सोडवलेले उदाहरण

आपल्या प्रसंगातील गाडी गार झाली. पातळी दीड लिटर कमी निघाली. पाणी भरून, काट्यावर नजर ठेवून ती गॅरेजपर्यंत नेली. तेथे रेडिएटरच बदलण्याचा सल्ला मिळाला. तुम्ही आधी दाब चाचणी करायला सांगितली. दाब १ बारवरून दहा मिनिटांत ०.७ वर आला. रेडिएटर कोरडा होता, पण खालच्या होजच्या टोकाशी थेंब धरत होता. तेथे जुनी पूडही साचली होती.

याचा अर्थ रेडिएटर निर्दोष आहे, दोष होज आणि क्लॅम्पमध्ये आहे. खर्चात मोठा फरक पडला तो या दहा मिनिटांमुळे. चाचणीशिवाय सुटा भाग बदलायचा नाही, हा या पाठाचा मुख्य नियम.

भाषेची अडचण मानू नका. तमिळमध्ये पाण्याला ‘तण्णि’ म्हणतात. रेडिएटर, होज, क्लॅम्प हे शब्द तेथेही तेच. गाडी केव्हा तापते, किती कूलंट कमी होतो आणि ओल कुठे दिसते, ही तीन निरीक्षणे कारागिराला सांगा.

७. दुरुस्ती

*स्वतः करता येण्याजोगी :* गार इंजिनातून कूलंट स्वच्छ भांड्यात काढा. क्लॅम्प ढिला करून होज पिळत सोडवा. ओढू नका, रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी तुटते. नळीवरची पूड साफ करा. नवा होज टोकाच्या उंचवट्यापलीकडे सरकवा आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या आत बसवा. अति आवळला तर रबर कापले जाते.

*कारागिराची :* पंप, हीटरची जाळी आणि हेड गॅस्केट. गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का, हे मोजून घ्यायला सांगा. फक्त गॅस्केट बदलले आणि हेड वाकलेलेच राहिले तर गळती परत येते.

*तात्पुरती :* गळती बुजवणारी पूड किंवा द्रव घरी पोहोचण्यापुरता. तो हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो.

*भरणे :* गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंटच घ्या. रंगावरून प्रकार ठरवू नका. दाट कूलंट असेल तर खनिजरहित पाण्यात मिसळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून नुसते पाणी चालेल, हा गैरसमज आहे. कूलंट गंज रोखतो आणि उत्कलनबिंदू वाढवतो. हीटर चालू ठेवून, हवेचा स्क्रू असल्यास उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरा. आत राहिलेली हवा पुन्हा गाडी तापवते. शेवटी दाब चाचणी पुन्हा करा आणि दुसऱ्या सकाळी पातळी बघा.

*जुना कूलंट :* गटारात, कालव्यात किंवा शेतात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्याने कुत्री आणि गुरे ते चाटतात, आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. प्रौढ माणसालाही सुमारे १०० मिलिलिटर शुद्ध द्रव प्राणघातक ठरू शकतो. तो नाव लिहिलेल्या बंद डब्यात ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीही नाही, आणि टाकाऊ तेल व रसायने घेणाऱ्या गॅरेजकडे द्या.

८. सारांश

कूलंटची गळती द्रव आणि दाब दोन्ही घालवते. तापलेले झाकण उघडू नये, तापलेली गाडी पुढे रेटू नये. पातळी गार असताना बघावी, ओल वरून खाली शोधावी आणि दाब चाचणीनंतरच भाग बदलावा.

९. स्वाध्याय

१. रहदारीत उभ्या गाडीचे इंजिन कूलंटकडे २ किलोवॅट उष्णता देते. कूलंट नसेल तर आकडेमोड १ मधील इंजिन ३५ अंश तापायला किती वेळ लागेल? वेगातील गाडीशी तुलना करा.
२. झाकणाची स्प्रिंग ढिली पडून दाब ०.३ बारच टिकतो. गळती नसतानाही गाडी का उकळेल?
३. आकडेमोड २ मध्ये तापमान १२० ऐवजी ११० अंश घ्या. किती ग्रॅम वाफ होईल? ‘थोडे गार झाले’ म्हणून झाकण उघडणे सुरक्षित आहे का?
४. घरच्या किंवा शेजारच्या गाडीची पातळी सात दिवस सकाळी, इंजिन गार असताना नोंदवा आणि निष्कर्ष लिहा.