नागपूर, चॅपेल हिल, मुंबई: श्रीखंडे सरांची वाट

प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. बी.एस्सी. नागपूरच्या सायन्स कॉलेजातून. मग कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आणि पुढे अमेरिकेत चॅपेल हिलला राजचंद्र बोस यांच्या हाताखाली पीएच.डी., १९५० साली. पदवी मिळाल्यावर ते तिथेच रमले नाहीत. नागपूरला येऊन पुन्हा शिकवू लागले.

त्यांचे नाव जगभर झाले ते १९५९ मध्ये. कोडे असे होते: सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. गणितज्ञ ऑयलरने १७८२ मध्ये लिहून ठेवले होते की हे जमणार नाही, आणि दहा, चौदा, अठरा अशा चौकोनांतही नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. टॅरी या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते सिद्ध केले. पण चॅपेल हिलला पुन्हा गेलेल्या श्रीखंड्यांनी बोसांबरोबर बावीसचा चौकोन जमवून दाखवला, अर्नेस्ट पार्करने दहाचा. मग तिघांनी मिळून सहाच्या पुढचे असे सगळेच चौकोन निकालात काढले. पावणेदोनशे वर्षांचा तर्क कोसळला आणि २६ एप्रिलच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी सोळा बिंदूंचा, प्रत्येक बिंदू सहा बिंदूंना जोडलेला एक आलेख श्रीखंड्यांनी मांडला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मला ते खटकते. एवढ्या कीर्तीनंतर अमेरिकेत राहणे सोपे होते. ते बनारस हिंदू विद्यापीठात आले, आणि १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभा करायला निघाले. १९७८ च्या निवृत्तीपर्यंत विभागाची धुरा त्यांच्याकडेच होती. एक प्रमेय सिद्ध करणे आणि प्रमेये सिद्ध करणारी माणसे घडतील अशी जागा उभारणे, यांत दुसरे काम मला जास्त कठीण वाटते. त्याला पहिले पान मिळत नाही. संयोजन गणितातल्या रचनांच्या अभ्यासाची परंपरा मुंबईत रुजली, ती याच वर्षांत.

निवृत्तीनंतर अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्यात, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. त्याआधी, १९९१ मध्ये, केंब्रिजने अशा रचनांवरचेच, म्हणजे त्यांच्याच विषयावरचे, एक पुस्तक काढले होते. त्याचे लेखक होते त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे आणि मुंबई विद्यापीठाचे शरद साने.