सीपीआरचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, मग हात काही महिन्यांतच का विसरतात?

वॉर्डातला रुग्ण अचानक निपचित पडतो. हाक मारली तर ओ देत नाही, श्वास दिसत नाही, नाडी लागत नाही. अशा वेळी सर्वांत जवळ असते ती अनेकदा नर्सिंगची विद्यार्थिनी किंवा इंटर्न. ऑक्सिजन बंद झाला की काही मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. त्यामुळे वरिष्ठ डॉक्टर येईपर्यंत छातीवर दाब द्यायचा तो तिनेच.

तिला ते शिकवलेलं असतं. प्रश्न एवढाच, की कधी?

छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टर-संशोधकांनी १९६० मध्ये मांडलं. सरावासाठीची ‘रेससी ॲन’ ही बाहुलीही त्याच सुमारास आली. ती बनवणारे आसमुंड लेर्डाल हे नॉर्वेतले खेळणी तयार करणारे उद्योजक होते!

प्रौढांसाठीचे आकडे सोपे आहेत. दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि ३० दाबांनंतर २ श्वास. परीक्षेत हे बहुतेकांना येतं. बाहुलीवर हात ठेवला की मात्र गडबड होते. घाईत वेग वाढतो, दाब उथळ पडतो. त्याहून लक्षात न येणारी चूक म्हणजे छातीवर रेलून राहणं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली नाही, तर हृदयात पुरेसं रक्त परत भरत नाही आणि पुढच्या दाबाचा परिणाम कमी होतो.

करणाऱ्याला हे स्वतःला कळत नाही. शेजारी उभ्या शिक्षकांनाही नुसत्या नजरेने खोली नेमकी सांगता येत नाही. म्हणूनच खोली आणि वेग लगेच दाखवणाऱ्या बाहुल्या वापरल्या जातात.

शिकलेलं टिकत नाही, ही दुसरी अडचण. सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत कौशल्य घसरू लागतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रमाणपत्र मात्र दोन वर्षं ग्राह्य असतं. त्यामुळे अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत आता दर तीन महिन्यांनी थोडा वेळ सराव करून घेतात.

भारतात २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात बेसिक लाइफ सपोर्टची ओळख अगदी सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये होते. इंटर्नशिप येते साडेचार वर्षांनी. मधल्या काळात बाहुलीला हात लागला नसेल, तर कागदावरचं प्रशिक्षण वॉर्डात फारसं कामाला येत नाही.

महागडी स्किल लॅब असेल तरच सराव होतो, असंही नाही. मोबाइलवरचं मेट्रोनोम ॲप ११० वर लावलं की वेग पक्का होतो. खोली शिकायला मात्र बाहुली लागतेच, आणि ती कुलपात ठेवलेली असून उपयोग नाही.