शिकवणाऱ्यानेही शिकावे लागते

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बंधूंची कन्या एका वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य विषयाची सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाली. एम.कॉम.ला उत्तम गुण, सेट परीक्षा उत्तीर्ण आणि त्यावर पीएच.डी. अशी तिची तयारी. घरात पेढे वाटले गेले. पहिला आठवडा संपला त्या रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. "काका, तासभर पुरेल म्हणून परिव्ययलेखनाची टिपणे काढून नेली होती. वीस मिनिटांत सारे सांगून संपले. समोर नव्वद मुले. उरलेली चाळीस मिनिटे काय करावे, ते मला कोणी कधी सांगितलेच नव्हते."

तिच्या या शेवटच्या वाक्याने मला विचारात पाडले. प्राथमिक शाळेतील शिक्षकाला डी.एड. लागते, माध्यमिक शाळेतील शिक्षकाला बी.एड. लागते. महाविद्यालयातील प्राध्यापकाला मात्र अध्यापनाची कोणतीही पदवी लागत नाही. नेट किंवा सेट परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनविषयक काही प्रश्न असतात, हे खरे. परंतु पोहण्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहून कोणी पोहायला शिकत नाही. विषयाचे ज्ञान असले की शिकवता येतेच, हा आपल्याकडील जुना समज आहे. या समजाची किंमत नवा शिक्षक आणि त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थी मिळून मोजतात.

मला माझे जुने दिवस आठवले. १९८३ साली मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत माणसे अपुरी होती, म्हणून कोणतेही प्रशिक्षण न देता मला रोखपालाच्या खिडकीवर बसवण्यात आले. चौथ्या दिवशी संध्याकाळी हिशेबात शंभर रुपये कमी भरले. ते मला खिशातून भरावे लागले आणि त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. आमच्या हेड कॅशियरांनी दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवले आणि तीन गोष्टी सांगितल्या. नोटा मोजताना बोलायचे नाही. मोजून झाल्याशिवाय पावतीवर शिक्का उठवायचा नाही. आणि एका ग्राहकाचे पैसे गल्ल्यात गेल्याशिवाय दुसऱ्याच्या पैशांना हात लावायचा नाही. पुढे सेवेच्या साऱ्या वर्षांत या तीन वाक्यांनी मला सांभाळले. काही महिन्यांनी बँकेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात पाठवले, तेव्हा याच गोष्टी पद्धतशीरपणे शिकवल्या जातात हे कळले. तेच प्रशिक्षण आधी मिळाले असते, तर माझे शंभर रुपये आणि चार रात्रींची झोप वाचली असती!

बँकिंग क्षेत्राला प्रशिक्षणाचे महत्त्व तुलनेने लवकर उमगले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची स्थापना १९२८ मधील. रिझर्व्ह बँकेने १९५४ साली मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेडोपाडी गेल्या आणि नव्या माणसांना तयार करण्याची निकड अधिकच वाढली. उच्च शिक्षणात ही व्यवस्था आली ती १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. त्या धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये विद्यापीठांतून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी प्राध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची जुनी रचना होती. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०२३ च्या सप्टेंबरपासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि ही केंद्रे त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. देशभरात अशी १११ केंद्रे ठरवण्यात आली. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत आणि गोवा विद्यापीठातही ही सोय आहे.

या केंद्रांतून नव्या शिक्षकाला काय मिळते, ते पाहू. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा आहे सुमारे महिनाभराचा प्रवेश प्रशिक्षण कार्यक्रम. आयोगाने त्याला 'गुरुदक्षता' असे नाव दिले आहे. २०१८ च्या नियमावलीत नव्या सहायक प्राध्यापकांसाठी अशा महिनाभराच्या प्रशिक्षणाची तरतूद प्रथमच करण्यात आली. अध्यापनाच्या पद्धती, अभ्यासक्रमाची आखणी, मूल्यमापन, संशोधनातील नीतिमत्ता, विद्यापीठाचा कारभार, संगणकीय साधने असे विषय त्यात येतात. त्याशिवाय विषयवार उजळणी वर्ग आणि आठवडाभराचे लघु अभ्यासक्रम असतात. नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा आठ दिवसांचा दूरस्थ वर्गही आहे. भारतीय ज्ञानपरंपरा, बहुविद्याशाखीय शिक्षण, शैक्षणिक नेतृत्व व प्रशासन, संशोधन, कौशल्यविकास, विद्यार्थ्यांमधील वैविध्य अशा आठ सूत्रांभोवती तो बांधलेला आहे.

अभियांत्रिकी आणि तंत्रशिक्षणातील शिक्षकांसाठी भोपाळ, चंदीगड, चेन्नई व कोलकाता येथे राष्ट्रीय तंत्रशिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था आहेत. त्यांपैकी भोपाळची संस्था आपल्या पश्चिम विभागासाठी आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या अटल अकादमीचे आठवडाभराचे वर्गही चालतात. आणि ज्याला घर सोडून जाणे शक्य नाही, त्याच्यासाठी केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. तेथे पाठ विनामूल्य पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल, तरच शुल्क भरावे लागते.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक हिशेब देतो. सहायक प्राध्यापक वेतनपातळी १० वर रुजू होतो. आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. पीएच.डी. असलेला शिक्षक २०१८ च्या नियमावलीनुसार चार वर्षांनी पातळी ११ साठी पात्र ठरतो. एम.फिल.धारकाला पाच आणि इतरांना सहा वर्षे लागतात. चार वार्षिक वेतनवाढींनंतर मूळ वेतन ६४,९०० होते आणि पदोन्नती मिळताच ते ६८,९०० वर जाते. म्हणजे महिन्याला ४,००० रुपयांचा फरक, वर्षाला ४८,००० आणि त्यावरील महागाई भत्ता वेगळा. परंतु या पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण केलेला असावा लागतो. शिवाय उजळणी किंवा संशोधनपद्धतीचा वर्ग, प्रमाणपत्रासह एखादा 'मूक' म्हणजे खुला दूरस्थ अभ्यासक्रम, किंवा अध्यापनाचे ई-साहित्य तयार करणे यांपैकी एक गोष्ट करावी लागते. 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणत वर्ग लांबवणाऱ्याची पदोन्नतीची तारीखही पुढे सरकते आणि हे नुकसान पुढील प्रत्येक वेतनवाढीत झिरपत राहते. चक्रवाढ व्याज नेहमी ठेवीदाराच्याच बाजूने असते असे नाही!

आमच्या मुलीच्या वाटेत मात्र वेगळीच अडचण आली. प्रवेश प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली आणि संस्थेने सोडण्यास नकार दिला. परीक्षा तोंडावर होत्या आणि विभागात शिक्षक कमी. मी तिला म्हटले, "भांडू नकोस, नियम वाच आणि अर्ज लिही." अशा प्रशिक्षणासाठी शैक्षणिक वर्षात तीस दिवसांपर्यंत कर्तव्य रजा देण्याची सोय नियमावलीत आहे. तिने त्या कलमाचा उल्लेख करून, आपल्या तासांची पर्यायी व्यवस्था कागदावर मांडून पुन्हा अर्ज केला. दोन सहकाऱ्यांनी तिचे तास घेण्याची तयारी लेखी दिली. परवानगी मिळाली. दुसरी अडचण घरची होती. तिचे बाळ तेव्हा अकरा महिन्यांचे होते. तिच्या सासूबाईंनी स्वतःहून सांगितले, "महिनाभर बाळ माझे. तू दार लावून शिक." वर्ग दूरस्थ पद्धतीने होता, ती घरातच होती, परंतु सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत तिला कोणी हाक मारली नाही. या एका महिन्याचे श्रेय मी नियमावलीइतकेच त्या माउलीला देतो.

त्या महिन्यात ती काय शिकली, असे मी तिला विचारले. तिने कोणत्याही मोठ्या सिद्धान्ताचे नाव घेतले नाही. सूक्ष्म अध्यापनाच्या सरावात प्रत्येकाने दहा मिनिटे शिकवायचे आणि त्याचे चित्रण सर्वांनी मिळून पाहायचे, अशी पद्धत होती. आपले चित्रण पाहताना तिच्या लक्षात आले की प्रश्न विचारल्यावर ती दोन सेकंदही थांबत नाही. उत्तर स्वतःच देऊन मोकळी होते. "काका, म्हणूनच माझा तास वीस मिनिटांत संपत होता. मुलांना बोलायला मी जागाच ठेवली नव्हती." आता ती प्रश्न विचारते आणि मनात दहापर्यंत मोजते. आमच्या हेड कॅशियरांची तीन वाक्ये आणि तिचे हे दहा आकडे मला एकाच जातीचे वाटतात.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. दूरस्थ वर्गात कॅमेरा बंद करून घरची कामे उरकणारे असतात. प्रमाणपत्रांची फाइल जाड होते, पण शिकवणे जसेच्या तसे राहते. आमच्याकडेही वेतनवाढीसाठी परीक्षा उत्तीर्ण होऊन दुसऱ्या दिवशी पुस्तक बासनात बांधणारे होतेच. व्यवस्था संधी देते. शिकण्याची इच्छा ज्याची त्याने आणावी लागते.

दुसरी उणीव कार्यालयीन सेवकांबाबतची. विद्यापीठ म्हणजे केवळ प्राध्यापक नव्हेत. परीक्षा, लेखा आणि प्रवेश विभागांत नव्याने लागलेल्या तरुणाच्या हाती पहिल्याच दिवशी शेकडो विद्यार्थ्यांची गुणपत्रके येतात. २०२१ पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली आहे; विद्यार्थ्यांनी मिळवलेली श्रेयांके या बँकेत जमा होतात. रोकड नसलेली ही बँक असली, तरी चुकीच्या खात्यात नोंद झाली तर खातेदाराचे नुकसान तितकेच खरे असते. प्रशिक्षण केंद्रांच्या कार्यक्षेत्रात शिक्षकेतर सेवकांचे वर्गही येतात. त्यांचा लाभ किती संस्था आपल्या लिपिकांना देतात, हे प्रत्येक संस्थाचालकाने स्वतःला विचारावे. आपल्या समाजातील अनेकजण शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. तिच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण आहे. अनेक वर्षे तो तसाच शिकवतो आहे. तात्पुरत्या शिक्षकाला प्रशिक्षणाचे दार अगदीच बंद नसते. पण त्याला कर्तव्य रजा नाही. ज्या दिवशी तास नाही, त्या दिवशी पैसे नाहीत. महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी महिन्याची कमाई सोडणे त्याला परवडत नाही. विद्यार्थ्यांना मात्र कायम आणि तात्पुरता हा भेद ठाऊक नसतो. त्यांच्यापुढे उभा असतो तो शिक्षकच. ज्याला प्रशिक्षणाची गरज सर्वाधिक, त्याच्यापर्यंतच ते पोहोचत नाही. अशा शिक्षकांचे महिन्याचे मानधन प्रशिक्षणकाळात चालू ठेवणे कित्येक खाजगी संस्थांना अशक्य नाही. एका समारंभाच्या मंडपाच्या खर्चात दोन-तीन शिक्षकांची सोय होऊ शकेल.

वाचकहो, आपल्या जुन्या पेढ्यांवर नव्या मुलाला पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवत नसत. आधी माल ओळखायचा, मग माप धरायचे, मग गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि शेवटी वही लिहायची. दुकान चालवायला जी शिस्त आपण आवश्यक मानली, ती वर्ग चालवायला अनावश्यक कशी असेल? आपल्या घरातील मुलगा, मुलगी किंवा सूनबाई विद्यापीठात वा महाविद्यालयात नव्याने रुजू होत असेल, तर पहिल्याच महिन्यात जवळच्या प्रशिक्षण केंद्राचे वेळापत्रक पाहून ठेवावे, संस्थेकडे वेळेत लेखी अर्ज करावा आणि प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकासाठी कार्यालयात देऊन पोच घ्यावी. आणि त्या महिन्यापुरती घरच्यांनी त्याची वा तिची कामे वाटून घ्यावीत.

गेल्या महिन्यात आमची मुलगी घरी आली होती. तासिका तत्त्वावरच्या त्या सहकाऱ्याने तिला आपल्या तासाला शेवटच्या बाकावर बसण्याची विनंती केली होती. ती बसली, टिपणे घेतली आणि तास संपल्यावर दोघे अर्धा तास बोलत राहिले. येत्या सत्रात तो तिच्या तासाला बसणार आहे.