अग्निरोधक लांकूड : उपयोग व सावधगिरी

आगीचें भय शेतकऱ्याच्या घरास जितकें आहे तितकें क्वचितच दुसऱ्या कोणाच्या घरास असेल. अंगणांत कडब्याची गंज, गोठ्यांत वैरण, स्वयंपाकघरांत चूल, आणि आतां सर्वत्र विजेच्या तारा. सातारा-सांगलीकडील उसाच्या मुलखांत तर गुऱ्हाळघरांत चुलवाणाचा जाळ आणि सुक्या चिपाडाचा ढीग शेजारीं शेजारींच नांदतात. महसूल खात्याच्या नोकरींत आगीचे पंचनामे लिहितांना प्रस्तुत लेखकास दिसून आलें कीं, नुकसानीच्या यादींत वासे, आढें, तुळया व दारें हीं बहुधा असावयाचींच.

मोठ्या वाड्यांचीही तीच गत. पुण्याचा शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्यें पेटला. आंतील लांकडी मजले नाहींसे झाले, दगडी तट व जोतीं तेवढीं उरलीं. मे १८७९ मध्यें तेथील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांसही आग लागली. अशा घरांसाठीं हल्लीं औषधी द्रव्यें मुरविलेलें अग्निरोधक लांकूड मिळतें. तें उपयुक्त आहे. परंतु त्याचा गुण व त्याचा धोका हीं दोन्हीं समजून घेतल्यावांचून तें घरांत आणूं नये.

लांकूड जळतें तेव्हां ज्वाळा उठते ती मुख्यतः तापलेल्या लांकडांतून निघणाऱ्या वायूंची. अमोनियम फॉस्फेट, टाकणखार, बोरिक आम्ल अशा द्रव्यांचा द्राव बंद टाकींत दाबानें लांकडांत मुरविला, म्हणजे तापल्यावर तें ज्वालाग्राही वायू कमी सोडतें आणि कोळसा व पाण्याची वाफ अधिक. कोळशाचा हा थर आंतील लांकडास कवचासारखा होतो. ही युक्ति आजची नव्हे. गे-लुसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२१ मध्यें असेच क्षार कापडास लावून दाखविले होते.

मात्र अग्निरोधक म्हणजे न जळणारें नव्हे. आग मोठी झाली कीं असें लांकूडही जळतें. तें आपणांस वेळ मिळवून देतें: दावीं सोडण्यापुरता, मुलांमाणसांस बाहेर काढण्यापुरता. तेवढा वेळ लाख मोलाचा आहे.

अमोनियम फॉस्फेट हें आपल्या डीएपी खताचेंच मुख्य द्रव्य. हें कळतांच खत पाण्यांत कालवून वाशांस फासण्याचा मोह कोणासही होईल, तो आवरावा. कुंच्यानें लावलेलें द्रव्य वरच्यावर राहतें व पावसाळ्यांत पाणी लागलें कीं धुऊन जातें. क्षार हवेंतील ओल धरतात आणि खिळे गंजवितात. शिवाय खारट चवीस लांचावून जनावरें लांकूड चाटतात, आणि असें खत पोटांत जाणें त्यांस घातक आहे.

अशा क्षारांचा आणखी एक अवगुण अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आला. तेथें कित्येक घरांच्या छपरांस अग्निरोधक प्लायवूड घातलें होतें. उन्हानें छप्पर तापून तापून कांहीं प्रकारच्या क्षारांनीं लांकूडच आंतून कुजल्यासारखें ठिसूळ केलें, व थोड्याच वर्षांत तें बदलावें लागलें. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत उन्हाळ्यांत पत्र्याखालीं काय उष्णता असते हें सांगावयास नको. म्हणून पत्र्याखालीं घालावयाचें लांकूड तसल्या उष्णतेंत टिकेल असें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें.

खरेदी करतांना तोंडी भरंवशावर जाऊं नये. प्लायवूडवर भारतीय मानक ५५०९ चा शिक्का पाहावा. पावतीवर द्रव्याचें नांव आणि तें आंतील कामासाठीं कीं बाहेरील कामासाठीं हें नोंदवून घ्यावें. आंतील कामाचें लांकूड पावसांत वापरल्यास क्षार वाहून जाऊन पैसा फुकट जातो. माल घरीं आल्यावर जमिनीवर न टाकतां ठोकळ्यांवर रचावा व झांकून ठेवावा.

सुतारास पुढील गोष्टी बजावाव्या. लांकूड शक्यतों तयार मापाचें घ्यावें. रंधा मारल्यानें किंवा उभें चिरल्यानें औषध मुरलेला थर निघून जातो. कापतांना नाकातोंडावर मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे असावेत. काम उघड्यावर करावें आणि जेवणापूर्वीं हात धुवावे. खिळे व स्क्रू जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उरलेल्या तुकड्यांची. आपल्याकडे सुताराचें काम संपलें कीं ढलप्या चुलीकडे जातात, भुसा गोठ्यांत किंवा उकिरड्यावर पडतो, आणि राखेनें भांडीं घासतात, कडधान्य राखतात, भाजीवर धुरळतात. औषधी लांकडाच्या बाबतींत ही काटकसर अंगलट येईल. टाकणखारांतील बोरॉन पिकास लेशमात्र लागतो. अधिक झाल्यास पानांच्या कडा करपतात, आणि द्राक्षवेल तर त्यास फारच नाजुक आहे. याहून भयंकर प्रकार वाळवीप्रतिबंधक लांकडाचा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् यांनीं १९३३ मध्यें शोधलेल्या ‘ॲस्क्यू’ औषधांत तांबें, क्रोमियम व सोमल असतात. तें लांकूड वाळवीपासून वांचतें, आगीपासून नव्हे. आणि जाळल्यास सोमल धुरांत व राखेंत उतरतो. दोन्हीं प्रकारचीं लांकडें बाहेरून हिरवट किंवा साधींच दिसूं शकतात. सबब औषध घातलेल्या कोणत्याही लांकडाचा तुकडा चुलींत, चुलवाणांत किंवा शेकोटींत घालूं नये. तुकडे व भुसा पोत्यांत वेगळे बांधून नगरपालिकेच्या अगर ग्रामपंचायतीच्या कचरा-व्यवस्थेकडे, काय आहे तें सांगून, द्यावे. जुन्या घराचें लांकूड विकत घेतांनाही हा विचार ठेवावा.

इतकें करूनही गंज घरापासून दूर रचणें, सैल तारा बदलणें आणि पाण्याची टांकी भरलेली ठेवणें हीं कामें कोणतेंही औषधी लांकूड आपल्याऐवजीं करणार नाहीं. तीं आधीं करावीं, आणि मग लांकडावर पैसा घालावा.